आवडीला पाठवण्याआधी

ठाकुरवाडी,
ता. २३ जानेवारी १९६७

प्रिय शकू,

बाळाला पाजून, झोपवून मग हे पत्र उघड. आबाजीराव किंवा तुझ्या सासूबाई जवळ असतील तर आत्ता दुमडून ठेव आणि दुपारी एकटी असताना वाच. बाळानं मान धरली हे वाचून फार बरं वाटलं. तू विचारलंस की मूल कोणत्या महिन्यात काय करतं ते एकदा नीट लिही, सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणतात सगळं आपोआप होतं. आपोआप होतं हे खरं, पण पहिलटकरणीला तेवढ्यानं धीर येत नाही. मला आठवतंय ते सगळं लिहिते. मात्र मी फक्त बाळाविषयी लिहीत नाहीये, हे तुला वाचता वाचता कळेल.

आवडी साडेतीन महिन्यांची असताना पालथी पडली. पडली आणि हात अंगाखाली अडकला म्हणून रडत बसली. सहाव्या महिन्यात बसायला लागली, उष्टावणाच्या दिवशी तिनं खिरीच्या वाटीत अख्खा हात घातला होता. सातव्यात खालचे दोन दात आले. त्याआधी आठ दिवस पोट बिघडलं होतं, तुझ्या बाळाचं बिघडलं तर घाबरू नकोस. रांगताना ती मागे मागे जायची आणि भिंतीला टेकली की चिडायची. वर्ष भरायच्या आत चालली. पहिला शब्द 'आई' नव्हता, 'गाली' होता. यांची रूळ जिथं बदलतात त्या सांध्यावरची नोकरी, घर म्हणजे रुळांपासून बत्तीस पावलांवरची ही रेल्वेची खोली, इथं पोरीच्या कानावर दुसरं काय पडणार! दीड वर्षाची असताना ती चुलीजवळ बसून सांगायची, येतेय ती मेल की मालगाडी. गाडी बोगद्यात असतानाच तिला कळायचं. मालगाडीला ती 'धम' म्हणायची. हे केबिनमधल्या लोकांना कौतुकानं सांगायचे की माझ्या सुट्टीत माझी पोरगी ड्यूटी करील.

धाकट्या सोनीचं सगळं आवडीपेक्षा लवकर झालं. तिसऱ्या महिन्यात पालथी, पाचव्यात बसली, दात सहाव्यात. हसायची तर पोट हलेपर्यंत. आणि झोप अशी की दारावरून दोन इंजिनांची मालगाडी घाट चढत गेली, भांडी हलली, तरी पापणी हलायची नाही. तू आलीस तेव्हा ती आठ महिन्यांची होती. तू म्हणाली होतीस, ताई, काय गुणी पोर आहे गं, मेल गेली तरी उठत नाही. येणारं प्रत्येक माणूस तेच म्हणायचं आणि मी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायची. आधी ती 'आ', 'गू' असं पुष्कळ बोलायची. नवव्या-दहाव्या महिन्यापासून ते कमी होत गेलं. मला वाटलं, चालायच्या नादात असेल. अकराव्या महिन्यात ती चालली. त्या दिवशी यांनी कर्जतहून पेढे आणले, आवडीनं टाळ्या वाजवल्या. मी मात्र दारात उभी राहून मनात पावलं मोजत होते. बत्तीस.

म्हणून मी माझ्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून त्याची दोरी वळली. एक टोक सोनीच्या कमरेला, दुसरं आवडीच्या मनगटाला. सांध्यावरच्या सगळ्या बायका थोडंफार असं काहीतरी करतात, त्यात मला वावगं वाटलं नाही. आवडी सहा पुरी होऊन नुकतीच शाळेत जायला लागली होती. गँगमनच्या मुलींबरोबर सकाळच्या पॅसेंजरनं खाली कर्जतला जायची, दुपारी यायची, मग दोरी बांधून घ्यायची. तेव्हा तिला तो खेळ वाटायचा. ती स्वतःला इंजिन म्हणवायची आणि सोनीला डबा.

पुढच्या वैशाखात चिंधी करवंदं घेऊन आली. चिंधी म्हणजे वरच्या वाडीतली ठाकरीण, आमच्याकडे लाकूडफाटा घालते ती. सोनी भिंतीकडे तोंड करून खडे मांडत बसली होती. चिंधीनं डोक्यावरची पाटी दणकन खाली ठेवली. मी दचकले, सोनी दचकली नाही. चिंधी तिच्या मागे गेली, दोनदा टाळी वाजवली, मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बाय, हिला ऐकाया येत नाय." मला इतका राग आला शकू, की मी म्हटलं, हट्टी आहे ती, कुणाचंच ऐकत नाही. तिची करवंदं तशीच परत दिली. महिनाभर ती आमच्या दारी आली नाही.

दुसऱ्या दिवशी हे ड्यूटीवर आणि आवडी शाळेत असताना मी सोनीच्या पाठीशी उभी राहून पितळी ताटावर उलथनं वाजवलं. हात दुखेपर्यंत वाजवलं. ती खडे मांडत राहिली. माझी सावली तिच्या खड्यांवर पडली तेव्हा कुठे मागे वळली आणि हसली. मी ताट पुसून जागेवर ठेवलं आणि हे कुणालाही सांगितलं नाही. का नाही सांगितलं ते तुला तरी काय लिहू? सोनी पोटात असताना पाचव्या महिन्यात मला ताप आला होता तो मी अंगावर काढला होता. सासरचे आधीच म्हणत होते, दुसरीही मुलगीच. यांना तर वाटायचं, आवडीसारखीच ही तल्लख निघणार. आधी वाटलं दोन महिने थांबू, मग वाटलं दिवाळीनंतर सांगू. जिभेला वेखंड उगाळून लावत राहिले. कुणी विचारलं की पोर हाकेला का वळत नाही, तर आमच्या घरात एकच उत्तर होतं, ती ऐकत नाही. हे म्हणायचे, मी म्हणायची, आवडीही म्हणायला शिकली.

त्या जूनमध्ये शाळा उघडली, मी आवडीला पाठवलं नाही. तिला म्हटलं, एक वर्ष थांब, सोनी जरा मोठी होऊ दे. यांनी विचारलं तेव्हा मी माझ्या कंबरदुखीचं कारण पुढे केलं. खरं हे होतं की ज्या पोरीला गाडी ऐकू येत नाही तिला कुणाचे तरी कान हवे होते, आणि घरात सगळ्यात चांगले कान आवडीचे होते. एकाची दोन वर्षं झाली. वह्या उंदरांनी खाल्ल्या. तुला सोनीचे दात कधी आले, पहिलं पाऊल कधी टाकलं ते सगळं मी महिन्यानिशी लिहिलं. पण आवडीचे पुढचे दुधाचे दात कधी पडले, ते मला सांगता येत नाही. एक दिवस ती हसली आणि दिसलं की नवे आलेसुद्धा आहेत.

आवडीला कुणी काही शिकवलं नव्हतं, पण तिनं सगळं स्वतःच बसवलं. सोनीला बोलवायचं असलं की जमिनीवर पाय आपटायचा, म्हणजे तिच्या तळव्यांना कळतं. दोन बोटं दंडावरून सरकवली की गाडी येतेय. छातीवर हात ठेवला की घरी चल. मी हे बघत होते आणि न बघितल्यासारखं करत होते. तिनंही मला कधी थेट विचारलं नाही. फक्त एकदा, मागच्या दिवाळीच्या सुमारास, भाकरी खाता खाता म्हणाली की सोनी मोठी झाली की ऐकेल ना? मी हो म्हटलं. मग कधी मोठी होईल, असं विचारलं. मी हंडा उचलून पाण्याला निघून गेले.

त्यानंतर काही गोष्टी झाल्या. मी त्या तेव्हा एकमेकींना जोडून बघितल्या नाहीत. सोनीच्या दंडावर निळे डाग दिसले, आवडी म्हणाली खडीवर पडली. एक दिवस दोघी दिसेनात म्हणून शोधायला गेले तर आवडी एकटीच सिग्नलच्या खांबाखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत होती. सोनी गँगमनच्या हत्यारांच्या खोपटात सापडली. बाहेरून कडी होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. आवडी म्हणाली, आम्ही लपाछपी खेळत होतो. मी म्हटलं, असं खेळू नये. आणि शकू, मला ते खरं मानायचं होतं, म्हणून मी मानलं. पुन्हा दोरी बांधली, या वेळी गाठ जरा घट्ट मारली.

आता संक्रांतीच्या आदल्या दिवसाचं लिहिते. याच्यासाठीच पत्राला तीन दिवस लागलेत.

सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. तीळ भाजून ठेवले होते, हळदीकुंकवाला गँगमनच्या बायका येणार होत्या म्हणून मी पाण्याची दुसरी खेप आणायला झऱ्यावर गेले. झरा रुळांच्या वर, चढावर आहे. तिथून बोगद्याच्या तोंडापासून केबिनपर्यंतचा सगळा पट्टा दिसतो. हंडा भरून डोक्यावर घेतला आणि खाली बघितलं. सोनी दोन रुळांच्या मधे उकिडवी बसून पांढरे खडे वेचत होती. तिच्या कमरेला दोरी नव्हती. आवडी वीसेक पावलांवर कडेच्या भरावावर उभी होती. दोरी तिच्या हातात होती आणि आवडी ती हाताच्या पंजाभोवती गुंडाळत होती, दोरा गुंडाळतात तशी, सावकाश.

तेवढ्यात बोगद्यातून मोकळं इंजिन बाहेर आलं. गाडीला मागून ढकलत घाट चढवून दिला की इंजिन एकटंच परत येतं, मागे डबे नसतात. उतारावर त्याचा फारसा आवाज होत नाही, पण आवडीला तो बोगद्याच्या आतूनही कळतो, हे मी वर लिहिलंच आहे. ड्रायव्हरनं भोंगा दिला. आवडीनं इंजिनाकडे बघितलं, मग सोनीकडे बघितलं. पाय आपटला नाही, पुढे गेली नाही. उभी राहिली. मी हंडा टाकला आणि किंचाळले. काय किंचाळले ते मला आठवत नाही. आवडीनं मान वर करून मला बघितलं. आम्ही दोघींनी एकमेकींना बघितलं. आणि त्यानंतर, शकू, माझ्याकडे बघितल्यानंतर, ती जागेवरूनच ओरडली, "सोने, बाजूला हो."

चिंधी खालच्या पायवाटेनं मोळी घेऊन येत होती. तिनं मोळी फेकली आणि सोनीला दंडाला धरून ओढलं. दोघी खडीवर पडल्या. इंजिन त्यांच्या अंगावर वारा घालत बाजूनं गेलं आणि पुढे तीस-चाळीस हातांवर थांबलं. इथं उतरणाऱ्या प्रत्येक गाडीला थांबावंच लागतं म्हणून वेग कमी होता, एरवी काय झालं असतं ते मी लिहीत नाही. मी खाली पोचले तोवर केबिनमधून हे धावत आले होते. ड्रायव्हर उतरून शिव्या देत होता, पोर बहिरी आहे का म्हणून विचारत होता. हे सवयीनं म्हणाले, ऐकत नाही हो ती. म्हणाले आणि बोलता बोलता थांबले. सोनीकडे बघत राहिले. दोन वर्षं मी जे लपवलं ते त्यांना तिथं, रुळांवर, एका क्षणात कळलं.

मग सगळे आवडीकडे वळले. ती भरावावरून खाली आली होती, चेहरा पांढरा पडला होता. माझ्याकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी हाक मारली गं आई. तिनं ऐकलं नाय." लोकांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हे म्हणाले, हिच्या ओरडण्यानं चिंधीचं लक्ष गेलं, हिच्यामुळे पोर वाचली. मी तिला जवळ घेतलं नाही. सोनीला उचललं आणि घरी आले.

यांनी मला एक शब्द विचारलेला नाही. पासासाठी अर्ज केलाय, पुढच्या महिन्यात सोनीला मुंबईच्या डॉक्टरांना दाखवणार आहेत. अशा मुलांची शाळा असते म्हणे. आवडीला त्यांनी कर्जतहून घुंगरांचे पैंजण आणले, बक्षीस म्हणून. तिनं ते एकदाही घातले नाहीत. स्वतःच्या हातानं सोनीच्या पायांत घातले आणि म्हणाली की आता ही कुठे गेली ते मला कळेल. मला त्यावर रडावं की घाबरावं ते समजेना. दोन दिवसांनी चिंधी फेकलेली मोळी न्यायला आली. मी तिला तीळगूळ दिला, पाया पडले. ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "मोठीच्या मनगटावरला वळ बघितलास का, बाय? पोरीवर पोरीचं वझं टाकलंस." तिनं काय काय बघितलं होतं ते मी विचारलं नाही.

रोज मी स्वतःला सांगते की आठ वर्षांचं पोर भीतीनं जागच्या जागी गोठतं. एवढ्या उंचावरून मला तिचा चेहरा काय दिसणार? दोरी सुटली असेल, ती गुंडाळून पुन्हा बांधायचं तिच्या मनात असेल. असेलही. पण खोपटाची कडी आपोआप लागत नाही. आणि तिला मी इतकं थकवलं होतं, शकू, की त्या क्षणी तिला फक्त एवढंच वाटलं असेल, आता हात मोकळा झाला. ही माझी पोर आहे. मी तिला दोष देत नाही. तरी ती सोनीला घेऊन दाराबाहेर गेली की माझ्या हातातलं काम गळून पडतं, आणि हे तिला कळतं.

तुझं पत्र आलं तेव्हा यांनी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. शेवटी तू लिहिलं आहेस की सासूबाई अंथरुणाला, आबाजीराव दिवसभर शाळेत, म्हणून सहा महिने आवडीला खालापूरला पाठव, तिनं सोनीला वाढवलंय, बाळाला ती छान सांभाळील. हे लगेच हो म्हणाले. आवडी वर्षभरात पहिल्यांदा हसली. तिची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, त्यात झगा, फणी आणि पाटी आहे. मी गप्प बसून तिला पाठवू शकले असते, म्हणून तर हे पत्र लिहिलं. तिला ठेवून घे शकू, मी पदर पसरते. तुझ्या घराजवळून रूळ जात नाहीत. तिला पाण्याला पाठव, भांडी घासायला लाव, आबाजीरावांबरोबर शाळेत पाठव, चुकली तर दोन धपाटे दे. पण बाळाला तिच्या मांडीवर देऊन विहिरीवर जाऊ नकोस. एक दिवस नाही, घटकाभरसुद्धा नाही. आणि तू असं का करतेस हे तिला कधी कळू देऊ नकोस. हे वाचून तुला तिला ठेवून घ्यायचा धीर झाला नाही तर सासूबाईंची अडचण आहे एवढंच कार्डावर लिही, मी समजेन, तुझ्यावर रागावणार नाही. कसंही असो, उत्तर लवकर दे आणि हे पत्र चुलीत घाल. आत्ता आवडी सोनीला घेऊन अंगणात बसली आहे, तिचे केस विंचरतेय, दोघी हसताहेत. मी दारात बसून लिहितेय आणि प्रत्येक ओळीनंतर मान वर करून बघतेय.

तुझीच,
गोदूताई